गाडीचा विमा संपलाय? आता काय करायचं

गाडीच्या विम्याची तारीख उलटून गेल्याचं बहुतेकदा भलत्याच वेळी कळतं. पोलिसांनी अडवल्यावर, गाडी विकायला काढल्यावर, नाहीतर कुणाला धडक बसल्यावर. तुमच्या ते आधीच लक्षात आलं असेल, तर पुढच्या गोष्टी याच क्रमानं करा.

१. गाडी जागेवरून हलवू नका. घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना, ड्रायव्हर असेल तर त्यालाही, आजच सांगा. ‘नव्वद दिवस चालतात’ असं कुणीतरी म्हणेलच, ऐकू नका. ते नव्वद दिवस फक्त नो क्लेम बोनस टिकवण्यासाठी असतात. पॉलिसीवरच्या शेवटच्या दिवसाची मध्यरात्र उलटली की संरक्षण संपलं. मग कोपऱ्यावरून दूध आणायला काढली तरी गाडी बिनविम्याचीच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ नुसार पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड भरून माणूस मोकळा होतो. अपघातात कुणी दगावलं तर होत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून भरपाई ठरवतं. घरातला कमावता माणूस गेला असेल तर रक्कम सहज काही लाखांच्या घरात जाते. विमा असता तर ती कंपनीनं दिली असती. आता ती मालकाच्या डोक्यावर, गाडी दुसराच कुणी चालवत असला तरीही. आणि मालकाची ऐपतच नसेल, तर ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या हाती नुसता निकालाचा कागद उरतो. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो या माणसांसाठी.

२. नेमकं काय संपलंय ते बघा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते; पॉलिसीचा कागदही काढा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, पण ओन डॅमेज बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. म्हणजे एकाच कागदावर दोन तारखा. फक्त ओन डॅमेज संपला असेल तर कायदा मोडत नाही, मात्र स्वतःच्या गाडीची चोरी किंवा नुकसान झालं तर खर्च तुमचाच.

३. गाडी लगेच हवी असेल तर आधी थर्ड पार्टी घ्या. त्याला सहसा तपासणी लागत नाही. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा. पैसे भरले म्हणजे विमा त्याच मिनिटाला सुरू झाला असं नाही. पॉलिसीवर सुरुवातीची तारीख आणि वेळ छापलेली असते, ती वाचूनच गाडी काढा.

४. ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी होते. सर्व्हेयरला घरी बोलवा, किंवा कंपनीच्या लिंकवरून स्वतः व्हिडिओ काढा. तपासणीसाठी बिनविम्याची गाडी रस्त्यावर नेऊ नका. गाडी धुऊन घ्या, दिवसाउजेडी चारही बाजू, समोरची काच, चासी नंबर आणि मीटरवरचे किलोमीटर दाखवा. जुने पोचे, ओरखडे लपवू नका. नोंद झालेलं जुनं नुकसान पुढच्या क्लेममध्ये मिळणार नाही, पण लपवलेलं निघालं तर अख्खा क्लेम अडकतो.

५. नव्वद दिवसांच्या आत असाल तर बोनस मागून घ्या. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट असते. १२,००० चा हप्ता ६,००० वर येतो. एक्याण्णवाव्या दिवशी पुन्हा पूर्ण १२,०००, आणि बोनस पहिल्या २० टक्क्यांपासून नव्यानं जमवायचा. मध्ये क्लेम घेतला असेल तर तसं स्पष्ट सांगा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते.

६. पॉलिसी हाती आली की गाडीचा नंबर, चासी नंबर आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव आरसीशी ताडून पाहा. एका अंकाची चूकही लगेच दुरुस्त करून घ्या. एमपरिवहनवर नवी तारीख दिसायला वेळ लागू शकतो. तोवर पॉलिसीची पीडीएफ गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर पाठवून ठेवा.