प्रेसमडच्या गॅसमधील आम्लवायू



प्रेसमडपासून गॅस होतो, मग तो तसाच गाडीत का भरत नाहीत, असे बरेच जण आम्हांला विचारतात. टाकीतून निघणाऱ्या गॅसमध्ये जळणारा मिथेन साधारण ६० टक्के. बाकीचा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, सिलिंडरमध्ये नुसती जागा अडवतो. शिवाय थोडा हायड्रोजन सल्फाइड. ओल मिळाली की तो पाइप आणि इंजिन खातो. म्हणून भारतीय मानक १६०८७ (२०१६) प्रमाणे भरायच्या गॅसमध्ये मिथेन निदान ९० टक्के लागतो.

हे दोन्ही आम्लवायू. रसातले आम्ल आपण चुन्याने मारतो, तसे इथे अमाइन वापरतात. अमाइन म्हणजे अमोनियाच्या भावकीतले. ते पाण्यात मिसळून वायू धुण्याची रीत १९३० पासूनची. पण पकडलेला वायू सोडवायला दर वेळी ते सारे पाणी तापवावे लागते. खर्च तिथेच होतो.

त्यावर तोड अशी की पाण्याऐवजी सच्छिद्र सिलिकाच्या भुकटीत अमाइन मुरवायचे. अशा एक ग्रॅम भुकटीतल्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो! २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात असा माल तयार झाला. ७५ अंशांवर त्याच्या एका ग्रॅमने सुमारे १३३ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला. थंड असताना मात्र कमी धरला. कारण ते अमाइन थंडीतल्या काकवीसारखे घट्ट. ऊब लागली की सैल होते आणि वायू आत शिरतो. भुकटी भरली की आणखी तापवून किंवा हवा ओढून वायू सोडवायचा, माल परत कामाला. मात्र गरम हवेने अमाइन खराब होते.

भुकटीत दोन्ही वायू एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून हायड्रोजन सल्फाइड आधी गंजलेल्या लोखंडाच्या किसातून काढून घेतलेला बरा. वापरलेला कीस हवेत तापतो, पेटूही शकतो. तो पाचटाजवळ टाकू नये.

याच वायूबद्दल एक गोष्ट घरच्या गोबरगॅसवाल्यांनीही ध्यानात घ्यावी. सडक्या अंड्याचा वास आला तर तो आहे हे कळते. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास गेला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला असे नव्हे. स्लरीच्या टाकीत गॅस मोजल्याशिवाय, हवेचा मुखवटा आणि दोर असल्याशिवाय कोणीही उतरू नये. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका, आधी मदत बोलवा.