माईकसमोरची तार

भोरला घराच्या मागच्या खोलीत मी गिटार रेकॉर्ड करतो. काम बहुतेक साथीचं: कुणाचं भावगीत, कुणाचा अभंग, आणि अलीकडे वेल्ह्याकडच्या बायकांच्या ओव्या. भेटेल तो माईक कोणता आणि इंटरफेस कोणता, एवढंच विचारतो. तारांची चौकशी क्वचितच होते. मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते या सहा तारांनी. म्हणून हे मोकळेपणानं लिहितोय. तुमची गिटार वेगळी, हात वेगळा; त्यामुळे तुमचा अनुभवही वेगळा असणार.

१. वाजवणाऱ्याला स्वतःची गिटार पुरती ऐकूच येत नाही. मांडीवरच्या गिटारचं तोंड समोर असतं आणि आपला कान वरच्या अंगाला. आपल्यापर्यंत लाकडाची ऊब पोचते; माईकपर्यंत तार, नख आणि बोट. बाराव्या पडद्यासमोर फूटभरावर माईक ठेवला की तारेचा सगळा स्वभाव उघडा पडतो. तोच माईक भोकासमोर नेला, तर पोटातल्या हवेचा १०० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा पुढे येतो आणि चांगली तारही गढूळ वाटू लागते. म्हणून नवा सेट चढवल्यावर मी त्याच्याबद्दल लगेच मत बनवत नाही. थोडं रेकॉर्ड करतो, पडवीत एक चक्कर मारतो आणि मगच ऐकायला बसतो. हात थंड झाले की कान जास्त खरं बोलतात.

२. धातूचा फरक असेल तो थोडाफार, असं मला वाटायचं. तो थोडाफार नाही. ८०/२० म्हणून जो सेट मिळतो, त्यातल्या जाड तारांवरचं वेटोळं ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे सरळ पितळेचं असतं. या तारा १९३० च्या दशकातल्या. फॉस्फर ब्राँझमध्ये साधारण ९२ टक्के तांबं, ८ टक्के कथील आणि नावापुरता फॉस्फरस. डॅडारिओ कंपनीनं या तारा १९७४ मध्ये बाजारात आणल्या. पितळेची तार उजळ बोलते, प्रत्येक आघाताला धार असते. फॉस्फर ब्राँझचा आवाज जरा भरीव, आणि त्याचा ताजेपणा जास्त दिवस टिकतो. एकटी गिटार वाजणार असेल, तर मी आजही पितळेकडे जातो. पण गळा सोबत असला की चित्र पालटतं. आपल्याकडच्या बायकांचे गळे बहुधा निमुळते आणि टोकदार. शब्द ज्या भागात स्पष्ट ऐकू येतात, म्हणजे २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, नेमकी तिथेच पितळेची नवी तारही चमकते. दोघं एकाच जागेसाठी भांडतात. मग मिक्सिंगमध्ये गिटार कितीही कमी करा, शब्द पुसटच राहतात. फॉस्फर ब्राँझ लावली की हे भांडण बहुतांशी सुरूच होत नाही.

३. तारेचं वय हीसुद्धा निवडच असते. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी नव्या तारा चढवाव्यात, हा सल्ला सगळीकडे मिळतो. एकल वाजवायचं असेल तर तो बरोबर आहे. नव्या तारेतले वरचे स्वरांश जिवंत असतात; हाताळून हाताळून वेटोळ्याच्या फटींत घाम आणि मळ बसतो, तार जड होते आणि ते स्वरांश आधी मरतात. पण हळू आवाजात गाणाऱ्या माणसामागे मला आठवडाभर वाजवलेली तार हवी असते. तिची झणक ओसरलेली असते, आस मात्र शाबूत असते. याला मर्यादा आहे. बाराव्या पडद्यावरचं हार्मॉनिक वाजवायचं, मग तिथेच तार दाबून वाजवायची. दोन्ही स्वर जुळेनासे झाले की ती तार मुरलेली नव्हे, संपलेली असते. मळ सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे अशी तार मोकळी सुरात असली तरी वरच्या पडद्यांवर बेसूर होते. ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट दुरुस्त होत नाही.

४. आमच्या पावसानं तारांचं सगळं पुस्तकी ज्ञान धुऊन काढलं. भोर आणि वेल्हे दोन्ही सह्याद्रीला टेकलेले. जसजसं पश्चिमेला, वरंध्याकडे किंवा मढे घाटाकडे जावं, तसतसा पाऊस वाढत जातो. जुलैत भाताची लावणी चालू असते तेव्हा कपाटातले कपडेही दमट लागतात. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यापेक्षा फार वाढली की वरची पाटी फुगते, घोडी किंचित वर येते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. जानेवारीत लोण्यासारखी वाजणारी .०१२ ची (म्हणजे पहिली तार .०१२ इंच जाडीची) गिटार श्रावणात बोटं सोलते, आवाजही कोंदट होतो. गिटार बिघडली असं वाटतं. खरं तर ती पाणी प्यायलेली असते. पावसाळ्यात मी .०११ चा सेट लावतो आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, त्या भिजल्या की बदलतो.

आवरण असलेल्या तारांचं महत्त्वही मला पावसानंच पटवलं. गोअर-टेक्स बनवणाऱ्या गोअर कंपनीनं १९९० च्या दशकात एलिक्सर नावानं या तारा काढल्या. तारेवर पातळ पॉलिमरचा थर असतो, त्यामुळे घाम आणि दमट हवा वेटोळ्यात शिरत नाही. वरची चमक थोडी कमी होते, हे खरं. पण साध्या तारांवर ऑगस्टमध्ये जो हिरवट-काळा गंज चढतो, त्यापुढे हा तोटा काहीच नाही. शिवाय गाणं एका दिवसात होत नाही. पहिला अंतरा आज, दुसरा पुढच्या आठवड्यात, मध्ये लाईट गेलेली, पत्र्यावर पाऊस. दोन्ही दिवशी गिटार एकसारखी वाजली पाहिजे. आवरण असलेली तार ते सांभाळते.

५. गाणाऱ्याचा षड्ज ठाऊक नसताना तार निवडता येत नाही. हे मला ओव्यांनी शिकवलं, आणि यावर थोडं जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुणे जिल्ह्याच्या या डोंगरी पट्ट्यात जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकात गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो संग्रह पुढे लाखाच्या वर गेला. ध्वनिमुद्रणाची बाजू बर्नार बेल यांनी सांभाळली. त्या ओव्या ऐकल्यावर, आपण गिटार घेऊन यात शिरावं का, हाच प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतल्या आजी तयार झाल्या, तेव्हा त्यांच्याच ओसरीवर बसलो. मी म्हटलं, “आजी, तुम्ही आधी नुसतं म्हणा, मी मागनं येतो.” दोन ओव्या झाल्यावर त्या थांबल्या. “आरं बाळा, तुजी तार लय कडक बोलती. मला माजंच ऐकू येईना.”

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला नव्हता, पातळ्या दाखवल्या नव्हत्या. त्यांनी जे सांगितलं ते तंतोतंत खरं होतं. मी नेहमीच्या पट्टीत होतो आणि आजींचा षड्ज काळी एकच्या आसपास, तोही ओवी रंगात आली की किंचित वर सरकणारा. त्यांचा गंधार कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता, आणि माझी प्रत्येक कॉर्ड त्याला एका बाजूला ओढत होती. मग मी गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावली. ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात रुळवलेली ही लावण्याची पद्धत. आपल्या भाषेत ती सा-प-सा-म-प-सा होते. तिच्यात गंधार नाहीच, त्यामुळे गंधार पूर्ण गाणारीच्या मालकीचा राहतो. त्यावर सगळी गिटार अर्धा सूर उतरवली.

इथे तारेचा प्रश्न उभा राहिला. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तार अर्धा सूर उतरवली की ११ टक्के ताण जातो, पूर्ण सूर उतरवली की पाचवा हिस्सा. माझी पहिली तार आता नेहमीपेक्षा दीड सूर खाली होती, म्हणजे जवळजवळ ३० टक्के ताण गेलेला. .०१२ ची तार एवढी सैल झाली की छेडल्यावर स्वर आधी चढायचा आणि मग जागेवर यायचा. कानाला ते अस्पष्ट जाणवतं. माईकमध्ये ते प्रत्येक ठोक्याला ऐकू येतं. पुढच्या खेपेला .०१३ चा फॉस्फर ब्राँझ सेट लावून नेला. तार जाड झाली की तिचं वजन वाढतं आणि त्याच स्वराला जास्त ताण लागतो; .०१३ ची तार अर्धा सूर खाली लावली तर ताण जवळपास नेहमीच्या .०१२ इतका भरतो. दीड सुरावरही ती पुरेशी उभी राहिली. तोवर जाड तारा म्हणजे मोठा आवाज, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या खाली लावल्यावर संथ झाल्या आणि आजींच्या मागे गेल्या. आजींनी या वेळी तारेबद्दल काहीच म्हटलं नाही. सलग ओव्या म्हटल्या, मध्येच थांबून सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि पुन्हा त्याच सुरावर आल्या.

६. बोट सरकताना होणारा चरचराट पूर्ण घालवायचा नाही, असं मी ठरवून टाकलंय. जाड तारांच्या वेटोळ्यावरून बोट सरकलं की तो येणारच. आवरण असलेल्या तारांवर तो कमी असतो. रेशमाचे धागे आत असलेल्या सिल्क अँड स्टील तारांवर आणखी सौम्य. बोट पुढे सरकवण्याआधी ते उचलण्याची सवय सगळ्यात उपयोगी. एवढं करून राहील तो राहू द्यावा. माणूस वाजवतोय, हे ऐकणाऱ्याला कळलेलं मला आवडतं.

७. मिरजेच्या कारागिरांकडून मी तारेबद्दल जे शिकलो, ते गिटारवाल्यांकडून शिकलो नसतो. तिथे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांत पुढे सतार-तंबोरे घडू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा मागायला जा, पहिला प्रश्न येतो: गाणार कोण, सूर कोणता? बाईचा तंबोरा वेगळ्या मापाचा, पुरुषाचा वेगळ्या. तारांची जाडी त्यावर ठरते, खर्जाला पितळ, जोडीला पोलाद, आणि मग घोडी घासून घासून जवारी काढायची. एका कारागिराला मी बराच वेळ पाहत बसलो होतो. त्यांनी तारेखाली सुताचा धागा घातला, केसभर पुढे केला, आणि बंद असलेला आवाज एकदम उघडला. पुन्हा केसभर मागे घेतला, मिटला. आमच्याकडे सेट पाकिटात बांधून येतो, सहाही तारांचं आधीच ठरलेलं. ते ठरलेलं मोडायला मी तिथून आल्यावर लागलो. आता सुट्ट्या तारा मागवतो: खालच्या चार एका सेटमधल्या, वरच्या दोन दुसऱ्या जाडीच्या. तंबोऱ्यासोबत वाजवायचं असेल तर तारा फॉस्फर ब्राँझच्या आणि वाजवून मुरलेल्या. जवारीतून येणाऱ्या स्वरांशांच्या गर्दीत गिटारनं आणखी चमक आणू नये, असं माझं मत आहे. उलटं वाजवून सुंदर वाटलेली माणसं मला माहीत आहेत.

८. नावापेक्षा तारीख महत्त्वाची. प्रत्येक पाकिटावर मी लावल्याचा दिवस, गेज, गिटार कशात लावली होती आणि कुणासाठी, हे पेननं लिहितो आणि पाकीट जपून ठेवतो. वर्षभरानं तेच गाणं पुन्हा उघडायची वेळ आली की त्याचा आधार मिळतो. महाग तार चांगलीच असते असंही नाही. सेट स्वस्त असेल तर माणूस वेळेवर बदलतो, आणि वेळेवर बदलणं बहुतेकदा जास्त मोलाचं.

९. सध्या माझ्यापुढे वेगळंच काम आहे. कार्तिकात इथल्या एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ठरतंय: वीणा, पखवाज, टाळ आणि दहा-बारा गळे. टाळांची किणकिण सगळी वरची जागा घेणार, तेव्हा गिटारनं तिथे जायचंच नाही, एवढं नक्की. मोनेल तारा मागवल्यात, निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या. त्यांचा आवाज कोरडा आणि मधल्या पट्टीतला असतो; लाकूड जास्त ऐकू येतं, तार कमी. माझ्या गिटारवर त्या कशा बसतात ते अजून ऐकायचंय. बुवा वीणा स्वतःच्या गळ्याला लावतात, पेटीला नाही. त्यांचा सूर पुढच्या एकादशीला जाऊन ऐकणार आहे. पहिल्या दोन तारा .०१३ च्या सेटमधल्याच ठेवायच्या की .०१४ ची सुटी तार मागवायची, ते त्यानंतर ठरेल.