दुःखातल्या घराला मानसोपचाराचा खर्च किती?

घरात कुणी गेलं की पैशाची भाषा बंद होते. गुरुजींची दक्षिणा, तेराव्याचं जेवण, अस्थिविसर्जनाची गाडी यांचे आकडे कुणीतरी काका वहीत मांडतो. पण दोन महिन्यांनी दहावीतला मुलगा क्लासला जायचा थांबतो, रात्रभर जागा राहतो, तेव्हा त्याला कुठे न्यायचं आणि किती लागतील हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. ‘पोरापुढे पैसा काय’ म्हणत मंडळी ओळखीच्या कुणी सुचवलेल्या महागड्या दवाखान्यात जातात, तीन खेपांत हात आखडतो आणि उपचार अर्धवट सुटतो. अर्धवट सुटलेला उपचार सगळ्यात महाग पडतो, कारण पुढच्या वेळी मुलगा यायलाच तयार नसतो. म्हणून आधी हिशेब.

पहिला प्रश्न असा, की पैसे खर्च करायची वेळ आली आहे का? शोक हा आजार नव्हे. लहान मुलांचं दुःख सलग नसतं. मुलगी आत्ता रडते, पाच मिनिटांत खाली खेळायला जाते आणि रात्री आईचा पदर सोडत नाही. पोटदुखी, शाळेला नकार, अंथरूण ओलं होणं, धाकट्या भावावर हात उगारणं ही सगळी त्याच दुःखाची रूपं. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात वेगळं निदान म्हणून जागा मिळाली आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. पण तिथेही किमान सहा महिने आणि त्या त्या समाजाच्या रीतीहून अधिक, अशी अट आहे. तेव्हा पहिल्याच महिन्यात कुणी शोकाच्या समुपदेशनाचं दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणा.

या काळात जे लागतं ते फुकट असतं, फक्त ते द्यायला माणूस हवा. ‘बाबा गावाला गेलेत’ किंवा ‘आजी झोपलीय’ असं न सांगता ‘गेले, आता परत येणार नाहीत’ हे सांगणारा एक जण. झोपलीय असं ऐकलेलं पाच वर्षांचं मूल स्वतः झोपायला घाबरतं. मूल तयार असेल तर दहाव्याला, तेराव्याला त्याला लांब ठेवू नका. वर्गशिक्षकांना एक फोन करून कल्पना द्या. शाळा फार दिवस बुडू देऊ नका.

मात्र काही बाबतींत सहा महिने सोडा, सहा दिवसही थांबायचं नाही. मुलगा मरणाची भाषा बोलतोय, हातावर ब्लेडचे वार आहेत, खाणं जवळपास बंद आहे, दारू-गांजा सुरू झालाय, नसलेले आवाज ऐकू येतात, किंवा घरातलं माणूस आत्महत्येनं गेलंय आणि उरलेल्यांतलं कुणी फारच गप्प झालंय. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, गोळ्या आणि फवारणीची औषधं कुलपात टाका आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे. पोलिसांच्या भीतीनं लोक इथे चाचरतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतं, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. रुग्णालय नियमाप्रमाणे पोलिसांना कळवेल, जबाब होईल. त्याला भिऊन उपचार लांबवू नका.

शून्य रुपयांपासून सुरुवात

पहिला फोन १४४१६ला करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो आणि गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. फोन मुलानंच करायला हवा असं नाही. ‘माझ्या भाचीचं असं असं होतंय, काय करू’ हे विचारायला मामानं केला तरी चालतो. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी शिक्षण मंत्रालयाची मनोदर्पण ही वेगळी सेवा आहे, ८४४८४४०६३२. ती दिवसा चालते. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ हेल्पलाइन २०१२पासून फोनवर आणि ईमेलवर मोफत समुपदेशन करते. मूल घरातच असुरक्षित असेल, मारहाण किंवा त्याहून वाईट काही घडत असेल, तर १०९८.

हेल्पलाइनची मर्यादाही ओळखून असा. दर वेळी तोच माणूस फोनवर येईल याची खात्री नसते, आणि दर आठवड्याला एकाच समुपदेशकाशी बांधलेलं नातं फोनवर सहसा जमत नाही. तिचा खरा उपयोग रात्री अकरा वाजता, आणि पुढे कुठे जायचं हे ठरवायला.

कॉलेजमधल्या मुलांना आणखी एक दार आहे आणि ते फार कमी जण ठोठावतात. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमला पाहिजे, ही त्यातली एक सूचना. कोचिंग क्लासही यातून सुटलेले नाहीत. वर्षाला लाखभर फी भरणाऱ्या पालकानं ‘तुमचा समुपदेशक कोण, कधी बसतो’ हे ऑफिसात जाऊन विचारावं. नाव सांगता आलं नाही तर लेखी विचारावं.

केसपेपरची रांग

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३पासून निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी त्यात येतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात बसतं आणि ठरलेल्या वारी तालुक्याच्या ठिकाणीही जातं. वार आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं फुकट जातं. दहा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत वेगळं क्लिनिकही असतं, तिथे समुपदेशक भेटतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे फक्त ‘वेड्यांची इस्पितळं’ हा समज सोडा, तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्पाखाली समुपदेशन मिळतं, गावातल्या आशाताईंना विचारा. गोव्यात मनोरुग्णालयाचं काम बांबोळीची मानसोपचार संस्था करते.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं निराळ्या विभागाकडे आहेत, त्यांना ही माफी सरसकट लागू नाही, पण तिथलं शुल्कही नाममात्र असतं. मुंबईत केईएम, नायर, शीव, जेजे आणि पुण्यात ससून यांचे मानसोपचार विभाग आहेत. शिकाऊ डॉक्टर तपासतो म्हणून नाक मुरडू नका. तो तुम्हाला अर्धा तास देतो, आणि त्याच्यावर वरिष्ठांची नजर असते. खाजगीत तेवढ्या वेळाचे हजार-दीड हजार मोजावे लागतात.

सरकारी दाराचा खरा खर्च पावतीवर दिसत नाही. एका फेरीत आईची रोजंदारी बुडते, मुलाची शाळा बुडते, दोघांचं भाडं जातं. अशा सहा फेऱ्या म्हणजे रोजावर जगणाऱ्या घराला तीन-चार हजारांचा फटका. तो कमी करायचा तर सकाळी खिडकी उघडायच्या आधी पोचा, जुने कागद एका प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा, आणि तब्येत स्थिर झाल्यावर ‘गोळ्या महिन्याच्या देता का’ असं स्पष्ट विचारा. विचारलं नाही तर पंधरा दिवसांचीच चिठ्ठी हातात पडते.

खाजगीत जायचं तर

पाटी नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध लिहायचा अधिकार त्याचा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, नंबर मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. समुपदेशक या शब्दाखाली मात्र सगळंच खपतं. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारी माणसंही तीच पाटी लावतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेले ‘लाइफ कोच’ही. शिक्षण कुठे झालं, मुलांसोबत किती वर्षं काम केलं, स्वतःच्या कामावर कुणाची देखरेख घेता, हे तीन प्रश्न विचारा. चांगला समुपदेशक रागावत नाही.

आता आकडे. गावागणिक ते बदलतात, म्हणून ढोबळच धरा. तालुका-जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीचे ४०० ते ८०० रुपये घेतात, मुंबई-पुण्यात १,००० ते २,५००, पुढच्या भेटी त्याहून थोड्या स्वस्त. समुपदेशनाच्या ४५ ते ६० मिनिटांना शहरात ८०० ते २,५००, नामवंतांकडे त्याच्याही वर. ट्रस्टच्या केंद्रात बरंच कमी, आणि काही जण ऐपतीप्रमाणे फी घेतात. तशी पाटी कुणी लावत नाही, तोंडानं विचारावं लागतं. ठाण्याची आयपीएच ही १९९०पासून काम करणारी संस्था, गोव्यातली ‘संगथ’, व्यसनासाठी पुण्याचं मुक्तांगण अशा ठिकाणी आधी चौकशी करावी, मग कॉर्पोरेट हॉस्पिटलचा जिना चढावा.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. शहरातली सतरा वर्षांची मुलगी, वडील जाऊन आठ महिने झालेत, नैराश्याचं निदान. डॉक्टरांची पहिली भेट १,५०० आणि पुढच्या पाच भेटी ८०० प्रमाणे ४,०००. समुपदेशनाची दहा सेशन १,२०० प्रमाणे १२,०००. औषधं महिना ४०० धरून नऊ महिन्यांची ३,६००. एकूण २१,१००. आता यातला डॉक्टर आणि औषध सरकारी रुग्णालयातून घ्या आणि पैसे फक्त समुपदेशनावर घाला. आकडा बारा हजारांवर येतो, तोही सहा-सात महिन्यांत विभागलेला. मला विचाराल तर मध्यमवर्गीय घराला हीच वाटणी परवडते. सरकारी डॉक्टर निदानाला आणि औषधाला काही कमी नसतो, त्याच्याकडे वेळ नसतो. वेळ तेवढा विकत घ्यायचा.

पहिल्याच भेटीत विचारून घ्यायच्या गोष्टी: अंदाजे किती सेशन लागतील, किती सेशननंतर फरक पडला की नाही ते पाहणार, अपॉइंटमेंट रद्द केली तर फी बुडते का, आणि मुलानं सांगितलेलं पालकांना किती सांगणार. हा शेवटचा प्रश्न मुलासमोरच विचारा. अठराखालच्या मुलाच्या उपचाराला पालकांची संमती लागते, पण त्याची प्रत्येक गोष्ट पालकांना मिळणार असेल तर तो तोंडच उघडणार नाही. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर गुप्तता राहत नाही, हेही त्याला आधी कळलेलं बरं. पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. प्रत्येक भेटीची पावती घ्या.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि पंचविशीच्या आतल्या काहींच्या मनात सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यामुळे पहिल्या महिन्यातली फेरतपासणी फी वाचवायला टाळू नका. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पैसे वाचवायचे तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात जा. तिथे ब्रँडपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत बरंच काही मिळतं.

विमा आणि हक्काचे पैसे

२०१७च्या कायद्याचं कलम २१(४) विमा कंपन्यांना बजावतं, की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा रुग्णालयात दाखल झालं तरच उपयोगी पडतो. दर आठवड्याच्या समुपदेशनाचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत, ओपीडीचं कलम वेगळं घेतलेलं नसेल तर. मानसिक आजाराचा दावा नाकारणाऱ्या एका विमा कंपनीच्या विरोधात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१मध्ये निकाल दिला. दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. पालक नोकरीत असतील तर कंपनीच्या समुपदेशन योजनेत मुलांचाही समावेश आहे का, हे एचआरला विचारा. बऱ्याच ठिकाणी काही सेशन मोफत असतात आणि ती कुणी वापरत नाही.

आई किंवा वडील गेलेल्या मुलांना महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. वर दिलेल्या दरानं महिन्याला एक सेशन आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यात सहज बसतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड आणि मुलाचं बँक पासबुक यांच्या प्रती लागतात, घरी गृहभेट होते आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. अर्जाला फी नाही. मधल्या एजंटानं हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका, आणि पोच म्हणून शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय तिथून उठू नका.