दरपत्रकात नसलेली किंमत
(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाची खरेदी हा विषय वार्षिकांकातील लेखासाठी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. खरेदी हे कार्यालयाचे काम, त्यात विद्यार्थ्यांनी लिहिण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल. परंतु अर्थशास्त्राच्या तासाला आपण मागणी, पुरवठा आणि किंमत यांचे सिद्धांत ज्या पंख्याखाली बसून शिकतो, तो पंखा कोणत्या नियमाने विकत आला हे आपल्याला ठाऊक नसते. पर्यावरण हा विषय आपल्याला सक्तीचा आहे. त्याच्या प्रकल्पात आपण ओझोनचा थर आणि वृक्षतोड यांविषयी लिहितो, आणि तो प्रकल्प कागदाच्या एकाच बाजूला टंकलिखित करून, प्लॅस्टिकचे आवरण घालून सादर करतो.

‘कमवा व शिका’ योजनेत मला गेल्या वर्षापासून भांडारात काम आहे. वस्तूंच्या नोंदी करणे, नग मोजणे, चिठ्ठ्या लावणे, असे ते काम. आमच्या घरात ‘दरपत्रक’ हा शब्द माझ्याबरोबरच प्रथम आला. खरेदीची रीत थोडक्यात अशी : विभागाने मागणीपत्रक द्यायचे, कार्यालयाने निदान तीन दुकानदारांकडून दरपत्रके मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि खरेदी समितीने ज्याचा दर नीचांकी त्याला आदेश द्यायचा. हा नियम वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पैसा शासनाचा आणि विद्यार्थ्यांच्या फीचा असतो. नियम नसता तर अर्धी खरेदी कुणाच्या तरी मेहुण्याच्या दुकानातून झाली असती! प्रश्न एवढाच आहे, की तक्त्यातील ‘दर’ या रकान्यात वस्तूची कोणती किंमत येते आणि कोणती येत नाही.

पंख्याचेच उदाहरण घेऊ. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाले आहे. एक तारा मिळालेला पंखा साधारण ५० वॅट वीज घेतो. पाच ताऱ्यांचा, बी.एल.डी.सी. मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. वर्गातील पंखा दिवसाला ८ तास आणि वर्षाला २०० दिवस फिरतो असे धरले, तर २० वॅटच्या फरकाने एका पंख्यामागे वर्षाला ३२ युनिट वाचतात. शंभर पंख्यांचे ३,२०० युनिट झाले. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ३२,००० रुपये. चांगला पंखा हजार रुपयांनी महाग आहे असे समजले, तरी जादा दिलेला लाख रुपये तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात फिटतो, आणि पंखा तर दहा वर्षे सहज टिकतो. आपल्याकडील वीज अजूनही मुख्यतः कोळशाची आहे. एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू हवेत जातो, म्हणजे या शंभर पंख्यांमागे वर्षाला सव्वादोन टन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्याकडे आहेच. तुलनात्मक तक्त्यात मात्र फक्त कोंबडीचा भाव लिहिला जातो.

मग एवढे साधे गणित कुणाला कळत नाही काय? कळते. अडचण अशी, की पंख्याची खरेदी एका लेखाशीर्षातून होते आणि विजेचे बिल दुसऱ्यातून भरले जाते. पंखे घेताना ज्याने जास्त पैसे खर्च केले, त्याच्या माथी जादा खर्चाचा शेरा येतो. बचत होते ती दुसऱ्याच पानावर, तीही पुढल्या वर्षी. लेखापरीक्षक विचारणार, नीचांकी दर का नाकारला? त्याला उत्तर देण्याची धास्ती कोणत्या लिपिकाला घेववेल? त्यामुळे दोष माणसांवर ढकलून भागणार नाही.

माझ्या मते खरी जागा त्याआधीची आहे. नीचांकी दर पाहायचा तो मागितलेल्या वस्तूचा. मागणीपत्रकात नुसते ‘छताचा पंखा, पांढरा, १२ नग’ असे लिहिले, तर सर्वांत स्वस्त पांढरा पंखाच येणार. ‘पाच तारे’ एवढे दोन शब्द वाढवले, की तोच नियम पाच ताऱ्यांच्या पंख्यांतला स्वस्त पंखा शोधून देतो. नियम मोडावा लागत नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तर विजेची ठरावीक उपकरणे घेताना नेमून दिलेल्या किंवा त्याहून वरच्या तारांकनाचीच घ्यावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. तो नियम केंद्राच्या खात्यांना लागू असला, तरी आपल्याला त्यापासून शिकण्यास कुणाची मनाई नाही. आणि मागणीपत्रक कार्यालय लिहीत नाही. ते विभाग लिहितात, ग्रंथालय लिहिते, जिमखाना लिहितो. बहुधा मागच्या वर्षीचे पाहून.

सगळ्याच वस्तूंवर तारे नसतात. साबण, कागद, रंग अशा वस्तूंसाठी भारत सरकारने १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना काढली. तिचे चिन्ह आहे मातीचा माठ. बाजारात गाडगे घेताना माझी आई ते बोटाने वाजवून पाहते आणि कानाला पटले तरच पैसे देते. चिन्ह निवडणाऱ्यांनी असेच काही पाहिले असेल काय, असे मनात येते. दुर्दैवाने हे चिन्ह दुकानांत क्वचितच दिसले. २०२४ साली या योजनेचे नवे नियम आले आहेत. परंतु मागणाराच नसेल तर उत्पादक तरी चिन्ह घेण्याचा खटाटोप कशासाठी करील? राज्यातील सर्व महाविद्यालये मिळून कागदाचे किती मोठे गिऱ्हाईक होतात, याचा विचार करावा.

कागदाविषयी प्राध्यापकांना एक नम्र विनंती आहे. आमच्या वर्गात १२० विद्यार्थी. प्रत्येकी तीस पानांचा प्रकल्प एकाच बाजूला छापला, तर एका विषयाला ३,६०० कागद लागतात. पाठपोट चालेल असे सरांनी एकदा फळ्यावर लिहिले, तर १,८०० कागद वाचतील. हा आकडा फार मोठा नाही, पण त्यासाठी निविदाही नको आणि समितीची बैठकही नको. बक्षिसांच्या प्रमाणपत्रांना हातकागद वापरता येईल. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली, तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो, झाड तोडावे लागत नाही. तो महाग पडतो, पण प्रमाणपत्रे असतात तरी किती?

भांडाराच्या मागच्या खोलीत जुने पेटीसारखे संगणक-पडदे भिंतीला लावून ठेवले आहेत. त्यांच्या काचेत शिसे असते, म्हणून ते साध्या भंगारात देऊ नयेत, आणि निर्लेखनाची मंजुरी मिळेपर्यंत ते टाकताही येत नाहीत. धूळ झटकणे तेवढे माझ्याकडे आहे. नवीन यंत्र घेतानाच ‘निकामी झाल्यावर परत न्यावे’ आणि ‘सुटे भाग पाच वर्षे मिळावेत’ अशा दोन अटी घातल्या, तर पुढल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना ही खोली वर्ग म्हणून वापरता येईल. खुर्चीचे वेत तुटले तर ती बाद न करता विणून घेणे, हाही खरेदीचाच एक भाग मी मानते.

एक शंका मात्र मलाही सतावते. अशा अटी वाढल्या, तर आपल्या तालुक्याच्या गावातील लहान दुकानदार मागे पडेल आणि आदेश शहरातल्या मोठ्या पेढीला जाईल. याच दुकानदाराने अनुदान लांबले तेव्हा महाविद्यालयाला महिनोन् महिने उधार माल दिला आहे. शिवाय माल शहरातून गाडीने येणार, तिच्या धुराचा हिशोब वेगळाच. मी एका दुकानदाराला हे सरळ विचारले. ते म्हणाले, “बाई, पाच ताऱ्यांचे पंखे मीही आणीन की. पण दरपत्रक आज मागता आणि परवा द्या म्हणता, मग दुकानात जे आहे तेच लिहून देतो.” मागणीपत्रके आपल्याकडे जूनमध्ये फिरतात. ती एप्रिलमध्ये, परीक्षांच्या धामधुमीत का होईना, फिरवली आणि वस्तूचे वर्णन दुकानाबाहेरच्या फळ्यावर लागले, तर त्यांना माल आणवायला दोन महिने मिळतील.

यंदा ग्रंथालयाच्या अभ्यासिकेसाठी बारा पंख्यांची मागणी होणार आहे, असे ऐकते.