राजवाड्यांची दप्तरे आणि नगर जिल्ह्यातील जुने कागद

धुळे शहरातील राजवाडे संशोधन मंडळाच्या वास्तूत एका माणसाने आयुष्यभर गोळा केलेले कागद जपून ठेवले आहेत. पोथ्या, मोडी पत्रे, सनदा, वंशावळी आणि त्या माणसाच्या स्वतःच्या हातची टिपणे असा हा संग्रह आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे निवर्तले, तेव्हा त्यांच्यामागे घरदार किंवा मालमत्ता म्हणावी असे काहीही नव्हते. पत्नी तरुणपणीच वारल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला नव्हता. मागे राहिले ते कागद. त्यांचे काय होणार हा प्रश्न धुळ्यातील मंडळींनी फार दिवस लोंबकळत ठेवला नाही. भास्कर वामन भट प्रभृतींनी 1927 च्या आरंभीच मंडळ स्थापन केले आणि दप्तरे एका छपराखाली आणली.

हा तातडीचा निर्णय किती मोलाचा होता, हे पुढील दोन ग्रंथांवरून कळून येते. मराठी धातूंसंबंधी राजवाड्यांनी केलेली टिपणे कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादित केली आणि 1937 मध्ये 'मराठी धातुकोश' प्रसिद्ध झाला. त्यानंतर 1942 मध्ये 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' निघाला. दोन्ही ग्रंथ लेखकाच्या मृत्यूनंतरचे आहेत. टिपणांचे कागद वाऱ्यावर गेले असते तर मराठीचे हे दोन कोश झालेच नसते. त्यांतील बऱ्याच व्युत्पत्ती आज भाषाशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत, ही गोष्ट खरी. परंतु त्या खोडून काढण्यासाठीही त्या समोर असाव्या लागतात.

राजवाड्यांचा जन्म 1863 चा, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील वरसई गावचा. पुण्यास पदवी घेतल्यावर काही काळ शिक्षकी, नंतर 'भाषांतर' हे मासिक, असा त्यांचा प्रारंभीचा क्रम होता. वाई येथे पेशवेकालीन पत्रांचा मोठा साठा हाती आला आणि आयुष्याची दिशा ठरली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातील पत्रे आहेत, म्हणजे पानिपतच्या मोहिमेची, रणांगणाकडे जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या माणसांनी लिहिलेली पत्रे. ग्रँट डफच्या 1826 च्या ग्रंथावर आणि बखरींवर विसंबून राहण्याचे दिवस त्या खंडाने संपविले. राजवाड्यांच्या प्रस्तावनेतील सर्व निष्कर्ष टिकले असे नव्हे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पुढे पानिपतचा स्वतंत्र अभ्यास केला आणि अनेक ठिकाणी निराळे मत दिले. पण तो वादही छापील पत्रांच्या आधारेच होऊ शकला. मालेचे एकंदर 22 खंड निघाले.

हे सारे काम बहुतांशी पायी फिरून, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून, घरोघरी विनवण्या करून झाले. वतनदारांच्या माळ्यावर पेटारे असत. मालक कधी दाखवीत, कधी दाखवीत नसत. 'कागदांवरून आमचे इनाम तर जाणार नाही ना?' ही शंका निष्कारण नव्हती, कारण इनाम कमिशनची आठवण तोवर ताजी होती. कित्येक ठिकाणी कागद वाण्याच्या दुकानी रद्दीत गेलेले असत आणि हळदी-मिरचीच्या पुड्या बांधून संपलेले असत. लोकांना कागद राखावयास शिकविणे हे राजवाड्यांना इतिहासलेखनाइतकेच महत्त्वाचे वाटे. 7 जुलै 1910 रोजी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, त्यामागे हाच विचार होता.

नेवाशाचे दोन ग्रंथ

अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा या विषयाशी संबंध दुरून जोडलेला नाही. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवासे येथे सांगितली गेली. तिची एक जुनी पोथी राजवाड्यांना बीडकडील पाटांगण येथे मिळाली आणि 1909 मध्ये त्यांनी ती छापली. मराठीचे जुने रूप दाखविणारी प्रत म्हणून तिचा मोठा बोलबाला झाला आणि पुढे शासनाने काढलेल्या ज्ञानेश्वरीसही ती आधारभूत ठरली. मात्र ती मूळ पोथी पुढील अभ्यासकांना पाहावयास राहिली नाही. छापील पाठातील एखादे रूप पोथीतले आहे की संपादकाच्या वाचनातले, हे आता ताडून पाहण्याचा मार्ग उरलेला नाही. प्रतीच्या प्राचीनतेविषयी जे वाद झाले, त्यांचा निकाल लावणारा साक्षीदारच नाहीसा झाला. कागद वाचविण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले त्याच्याच हातून आलेल्या पोथीची ही गत व्हावी, ही खेदाची गोष्ट होय.

दुसरा ग्रंथ 'शिवभारत'. त्याचा कर्ता कवींद्र परमानंद हा नेवासकर म्हणून ओळखला जातो. शिवछत्रपतींच्या आयुष्यावरील या समकालीन संस्कृत काव्याची पोथी नेवाशास सापडली नाही, ती तंजावरास सापडली. स. म. दिवेकरांनी ती 1927 मध्ये प्रसिद्ध केली. गावचा कागद गावातच राहतो असे नाही, तो कोठे जपला जातो यावर त्याचे आयुष्य ठरते. शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याचे 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनीच उजेडात आणले. निजामशाहीच्या उत्तरकाळात, 1624 मध्ये नगरजवळ भातवडी येथे जी लढाई झाली, तीत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले होते. त्यांच्या चरित्राचा विचार करणाऱ्यास या ग्रंथाची प्रस्तावना आजही चाळावी लागते.

रुमाल का सोडू नये

कागद कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या घरात मिळाला याला अभ्यासक इतके महत्त्व का देतात, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. पेशवेकालीन खाजगी पत्रांत बहुधा वर्ष लिहीत नसत. 'छ' हे अक्षर, त्यापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, एवढेच असे. वर्ष ठरवावयाचे ते मजकुरावरून आणि शेजारच्या पत्रांवरून. रुमालातून एखादे पत्र 'हे छान दिसते' म्हणून काढून चौकटीत लावले की त्याचे शेजारी सुटतात आणि बहुधा त्याचे वर्षही हरवते.

सरकारी कागदांत मात्र शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेला आढळतो. त्यात 599 किंवा 600 मिळविले की इसवी सन येतो. सनाचा आरंभ मृगाच्या सुमारास होत असल्याने हा एकाचा फरक पडतो. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या वर्षीच्या कागदावर 'खमस तिसैन मया व अलफ' असे शब्द येतील. खमस म्हणजे पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, बेरीज 1195. मार्च महिना असल्याने 600 मिळवावयाचे, म्हणजे 1795. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास एका तासात हे गणित जमते आणि त्याची गोडी लागते, असे शिकवून पाहणाऱ्यास आढळून येईल. खर्ड्याच्या मोहिमेसंबंधी मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून छापलेली पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त आहेत; ती शाळेच्या ग्रंथालयात असल्यास उदाहरणे तेथूनच घेता येतात.

नगर शहरासंबंधी स्थानिक प्रयत्न पूर्वीच झाले आहेत. सरदार ना. य. मिरीकर यांचा 'अहमदनगर शहराचा इतिहास' 1916 सालचा आहे आणि शहरातील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदांचा संग्रह आहे. प्रश्न आहे तो खेड्यांचा. परगणा व कुलकर्णी वतने 1950 च्या कायद्याने, तर पाटीलकीची वतने 1962 च्या कायद्याने संपली. हे योग्यच झाले. परंतु वतन होते तोवर हक्क सिद्ध करण्यासाठी घराणी कागद जपत होती. वतन गेल्यावर जपण्याचे कारणच उरले नाही. महजर, निवाडपत्रे, गावझाड्याचे कागद, पाण्याच्या पाळ्यांचे तंटे, दुष्काळातील सूट-तहकुबी असा गावाच्या जीवनाचा तपशील त्या पेटाऱ्यांत आहे. पारनेर, कर्जत, पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत जुन्या विहिरी, पाट आणि बंधारे यांचा शोध घेणाऱ्यासही त्यातून काही हाती लागण्याजोगे आहे.

या कागदांचे व्यावहारिक महत्त्व 2023 मध्ये सर्वांच्याच प्रत्ययास आले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे दिसून आले. शाळांतून मोडी जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग आहेत. तलाठी, ग्रामसेवक आणि इतिहासाचे शिक्षक यांनी त्यांचा लाभ घेण्यास हरकत नाही.

कार्यालयातील कागद आणि घरातील कागद यांत कायद्याने भेद आहे. सरकारी व पंचायतीच्या अभिलेखांस महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 लागू असून ते विहित रीतीवाचून नष्ट करता येत नाहीत. घरातील पेटारा मात्र मालकाचा. तो ताब्यात द्या असे म्हणण्यापेक्षा तो उघडून पाहू द्या, छायाचित्रे घेऊ द्या, असे म्हटल्यास लोक अधिक राजी होतात. मालकी घरातच राहील हे आरंभीच स्पष्ट सांगावे. राजवाड्यांना जी शंका दारोदार भेटली ती अजून पुरती गेलेली नाही.

पेटारा उघडताना गठ्ठ्यांचा क्रम मोडू नये. जुन्या रुमालाची गाठ सोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि गाव, घराणे, सापडल्याची जागा व तारीख वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून आत ठेवावी. मूळ कागदावर पेन चालवू नये. फाटलेल्या बंदास चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा निघत नाही. ओल लागली असल्यास कडक उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर सुकवावे. वाळवी लागलेले गठ्ठे चांगल्यांपासून दूर करावेत. नंतर स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात बांधून जमिनीपासून उंच, भिंतीस न टेकेल अशा फळीवर ठेवावे आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावे. यादी दोन प्रतींत करावी. एक मालकाकडे, दुसरी शाळेत.