संकल्पाची बाकी

अहमदनगर

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोचले. नोकरीत कायम झालास हे वाचून घरात सर्वांना आनंद झाला. आणि मिळकतीतून प्रभूच्या कार्यासाठी सढळ हाताने द्यावे, ही इच्छा पत्राच्या अखेरीस तू बोलून दाखवलीस, तिने तर माझे मन विशेष संतोषले. मात्र त्या इच्छेच्या पाठोपाठ ‘जरा बस्तान बसले, म्हणजे’ असे चार शब्द तू जोडून दिले आहेस. आजचे पत्र त्या चार शब्दांपुरतेच आहे.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे अध्याय एकदा सावकाश वाच. करिंथ म्हणजे दोन्ही बाजूंना बंदरे असलेले, व्यापाराने गबर झालेले शहर. यरुशलेमातील गोरगरीब बांधवांसाठी निधी जमवण्याचे निघाले, तेव्हा करिंथच्या मंडळीने ते काम अशा उत्साहाने उचलून धरले की, पौलाने त्यांच्या तत्परतेची वाखाणणी मासेदोनियापर्यंत जाऊन केली. आणि ती ऐकून मासेदोनियातील मंडळ्यांनी, ज्या स्वतः छळाने गांजलेल्या व दारिद्र्याने पिचलेल्या होत्या, आम्हांलाही वाटा उचलू द्या अशी गळ घालून ऐपतीबाहेर दिले. इकडे करिंथात वर्ष उलटले तरी निधी अपुराच होता. पौल त्यांच्यावर रागावत नाही, हुकूमही सोडत नाही. आरंभ केलात तसा शेवटही करा, आणि जवळ असेल त्या मानाने करा, एवढेच तो सुचवतो. त्यांच्या इच्छेविषयी त्याला तिळमात्र शंका नाही. परंतु यरुशलेमातल्या भुकेल्या माणसाच्या पदरात इच्छा पडत नाही, हे तो पुरते जाणतो.

या दिरंगाईवरचा उपाय त्याने पहिल्याच पत्राच्या शेवटी सांगून ठेवला होता. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूस काढून ठेवावे, म्हणजे आयत्या वेळी वर्गण्या गोळा करीत बसावे लागणार नाही, अशी ती साधी तजवीज आहे. संकल्पाला रक्कम, वार आणि ठेवण्याची जागा नेमून दिली नाही, तर तो मनातल्या मनात विरून जातो. म्हणून पगार हाती येताच, वाण्याची उधारी आणि घरभाडे यांच्याही आधी, नेमलेला भाग वेगळ्या पाकिटात घाल आणि ते पैसे आपले नव्हेत असे समज. दशांशाने आरंभ करावा हे उत्तम. पण तेवढ्याने देणे फिटले असे मानू नकोस. पुदिना, शेप व जिरे यांचाही दशमांश मोजून देणाऱ्यांना न्याय व दया यांचा विसर पडल्याबद्दल प्रभूने खडसावले आहे.

आपल्याकडील कापणीचा सण तू लहानपणापासून पाहिला आहेस. बाजरीची कणसे, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी वेदीपुढे मांडली जाते. उपासना आटोपली की लिलाव सुरू होतो, आणि साध्या भोपळ्यावर बोलीमागून बोली चढत जाते. तो उत्साह खोटा नसतो. पण सण सरल्यावर पंचांच्या वहीत ‘येणे’ या सदराखाली पाहावे, तर चढ्या आवाजात बोलणाऱ्यांपैकी कित्येकांची नावे पुढल्या सणापर्यंत तशीच राहिलेली असतात, आणि पाळकसाहेबांस तगादा लावणेही जिवावर येते. चार माणसांत मोठा आकडा बोलण्यापेक्षा लहान रक्कम वेळेवर पोचती करणे अधिक ख्रिस्ती वृत्तीचे आहे.

थोड्या मिळकतीवर काय साधणार, असे तुला वाटत असेल. मिझोरामच्या मंडळ्यांत 1910 पासून एक रीत चालत आली आहे : स्वयंपाकाला तांदूळ घेतला की घरातील बाई त्यातील मूठभर वेगळ्या भांड्यात टाकते, आणि तो जमलेला तांदूळ मंडळीच्या कार्यासाठी जातो. तिथे कोणी बस्तान बसण्याची वाट पाहिली नाही. आणि आपल्या पंडिता रमाबाई? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अनाथ मुलींची दशा पाहिल्यावर त्या शिलकेचा हिशेब करीत बसल्या नाहीत. मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेव. देवाला वाहिले आहे या सबबीखाली आईबापांना वंचित ठेवणाऱ्यांचा प्रभूने स्पष्ट निषेध केला आहे. तेव्हा तुझ्या आईला दरमहा पाठवतोस त्या रकमेला या निमित्ताने हात लावू नकोस. आणि देशील तिथे पावती अवश्य माग. यात अविश्वास मुळीच नाही. निधीविषयी कोणाला बोट दाखवण्यास जागा राहू नये, म्हणून खुद्द पौलानेही आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघा बांधवांना धाडले होते.

गेल्या वर्षी मंडळीच्या सभेत उभा राहून देवळाच्या छपरासाठी तू जो आकडा बोललास, तो अजून वहीत येणे आहे. नवा संकल्प सोडण्यापूर्वी, येत्या पगारातून ती बाकी चुकती कर. एकरकमी झेपत नसेल तर हप्ते ठरवून पंचांना तसे कळव. झाले म्हणजे मला कळवण्याचे कारण नाही.

तुझा,
मामा