रोहिणखेडच्या दोन लढाया आणि फिरिश्ता

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी रोहिणखेड नावाचे गाव आहे. या गावापाशी दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ साली व दुसरी १५९१ साली. या दोन्ही लढायांची हकीकत एका फारसी इतिहासग्रंथात आढळते. त्या ग्रंथाचा कर्ता महंमद कासीम हिंदुशाह होय. ‘फिरिश्ता’ म्हणजे देवदूत. या नावानेच तो प्रसिद्ध आहे.

फिरिश्त्याचा जन्म इराणात, कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबाद शहरी झाला. त्याचे वडील विद्वान होते. ते मुलाला घेऊन अहमदनगरास आले आणि निजामशाही राजपुत्र मीरान हुसेन याचे शिक्षक झाले. राजपुत्र व शिक्षकाचा मुलगा असे दोघे एकत्रच शिकले.

त्या काळी दख्खनच्या दरबारांत दोन पक्ष होते. येथेच वाढलेल्या सरदारांना ‘दक्षिणी’ म्हणत. हबशी सरदार बहुधा त्यांच्या बाजूस असत. इराण, अरबस्तान, तुर्कस्तान येथून आलेल्यांना ‘गरीब’ म्हणत. ‘गरीब’ या शब्दाचा मूळ अर्थ निर्धन असा नसून परका असा आहे.

हे वैर कसे वाढले? १४३७ साली खानदेशचा राजा नासिरखान वऱ्हाडावर चालून आला. आपल्या मुलीची तिच्या पतीने, म्हणजे बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याने, उपेक्षा केली म्हणून तो रागावला होता. त्याच्यावर गेलेला बहमनी सेनापती खलफ हसन हा परदेशी होता. त्याने केवळ परदेशी शिपाई बरोबर घेतले आणि रोहिणखेडला विजय मिळविला. सुलतान प्रसन्न झाला. यापुढे दरबारात परदेशीयांनी उजवीकडे आणि दक्षिणी व हबशी यांनी डावीकडे उभे राहावे, अशी त्याने आज्ञा केली. फिरिश्ता सांगतो की, या दिवसापासून दोन्ही पक्षांत कायमचे वैर पडले.

त्या वैराची आच पुढे खुद्द फिरिश्त्याला लागली. १५८८ साली मीरान हुसेनने पित्याचा, मूर्तजा निजामशाहाचा, वध करून गादी बळकाविली. त्या वेळी फिरिश्ता मूर्तजाच्या पहाऱ्यावरील अधिकारी होता. नव्या राजाने आपल्या बालमित्रास ओळखले व जीवदान दिले. परंतु वर्षभराच्या आतच मीरान हुसेन स्वतः मारला गेला. मग शहरात दंगल उसळली आणि परदेशीयांची कत्तल झाली. दक्षिणी सरदार जमालखान याने इस्माईल नावाच्या मुलाला गादीवर बसविले. जमालखान महदवी पंथाचा होता. त्याने तोच पंथ राज्यात रूढ केला. अशा रीतीने पक्षभेदाला पंथभेदाची जोड मिळाली. १५८९ साली फिरिश्ता विजापुरास निघून गेला.

इस्माईलचा पिता बुऱ्हाण अकबराच्या आश्रयास होता. तो खानदेशच्या राजा अलीखानाचे साहाय्य घेऊन परत आला. १५९१ साली रोहिणखेडला पुन्हा रणधुमाळी माजली. जमालखान ठार झाला आणि पुत्र पित्याच्या हाती कैदी म्हणून सापडला. तरीही कलह शमला नाही. १५९५ साली बुऱ्हाण मरण पावताच गादीसाठी पुन्हा भांडण जुंपले आणि दरबारातील एका पक्षाने स्वतःच मोगलांना बोलाविले. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला शौर्याने राखला. परंतु १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. १६०० साली तो किल्लाही पडला.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने फिरिश्त्याला इतिहास लिहावयास सांगितले. १६०६ साली त्याने आपला ग्रंथ आदिलशाहाला अर्पण केला. त्यात दिल्ली, गुजरात, बंगाल यांच्याबरोबरच दख्खनच्या राज्यांचाही सविस्तर इतिहास आहे.

फिरिश्ता जन्माने परदेशी पक्षाचा होता. दक्षिणी पक्षाचे म्हणणे त्याच्या ग्रंथात कमी ऐकू येते. म्हणून तो वाचताना लिहिणारा कोण, हे विसरता कामा नये. पण स्वपक्षाचे दोषही त्याने झाकले नाहीत. मीरान हुसेनचा वध करविणारा मिर्झाखान परदेशी पक्षाचाच पुढारी होता, हे फिरिश्त्याने नोंदविले आहे. ज्या वैराने त्याचे मित्र व घरदार हिरावले, त्या वैराचे मूळ स्वपक्षाला मिळालेल्या मानात आहे, हेही त्यानेच लिहून ठेवले. उजवी बाजू कोणाची व डावी कोणाची, एवढ्या भेदातून एक राज्य पोखरले गेले, हे त्याच्या ग्रंथावरून कळते.

स्वाध्याय

१. ‘गरीब’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? आज तो कोणत्या अर्थाने वापरतात?
२. १४३७ च्या विजयानंतर सुलतानाने कोणती आज्ञा केली? तिचा परिणाम काय झाला?
३. फिरिश्त्याचा ग्रंथ वाचताना कोणती गोष्ट लक्षात ठेवावी? का?
४. फिरिश्त्याची निःपक्षपाती वृत्ती कशावरून दिसते?
५. आपल्या गावातील एखाद्या जुन्या घटनेविषयी दोन वडीलधाऱ्या माणसांना विचारा. त्यांच्या सांगण्यात कोठे फरक पडतो, ते लिहा.